गरुडावर राग काढण्याआधी

"गरुडानं कोकरू मारलं" असं कुणी म्हटलं की लगेच विष घालायची भाषा सुरू होते. त्याआधी मेलेल्या कोकराचं कातडं सोलून बघा. जिवंतपणी नख्या रुतल्या असतील तर पाठीवर, मानेवर खोल भोकं असतात आणि त्याखाली रक्त साकळलेलं दिसतं. साकळलेलं रक्त कुठेच नसेल, तर पिल्लू आधीच मेलेलं होतं. गरुड नंतर खायला उतरला. तो नवजात कोकरू मारू शकतो, हे खरंच आहे. पण सोनेरी गरुडाचं स्वतःचं वजन साधारण ३ ते साडेसहा किलो. वाढलेलं कोकरू घेऊन तो सपाट रानातून उडूच शकत नाही. मेंढ्या आडोशालाच विऊ द्या, सुरुवातीचे काही आठवडे पिल्लं छपराखाली ठेवा, जार आणि मेलेली पिल्लं लगेच खोल पुरा. खुराड्यापुढच्या मोकळ्या जागेवर वरून जाळी ताणली की कोंबड्यांचाही प्रश्न मिटतो.

मेलेल्या जनावरात विष घालणं तर साफ चूक. त्यावर गरुड, गिधाडं, कुत्री, जे येईल ते मरतं. उंदराच्या औषधाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून भरदिवसा उघड्यावर फिरतो, म्हणजे आयतीच शिकार. असे उंदीर खाऊन शिकारी पक्ष्याच्या यकृतात विष साठतं, रक्त गोठेनासं होतं आणि साध्या जखमेनंही तो दगावतो. झाकणबंद डबीत औषध ठेवलं तरी हा धोका टळत नाही, कारण उंदीर बाहेर येतोच. धान्य बंदिस्त करा, बिळं बुजवा, सापळे लावा.

आता विजेचे खांब. माझ्या मते सगळ्यात जास्त बोलायला हवं ते यावर. गरुडाच्या पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. उघड्या रानात उंच झाड नसलं की तो खांबावरच बसणार. पंख उघडताना एकाच वेळी दोन तारांना, किंवा एक तार आणि जमिनीशी जोडलेल्या लोखंडाला स्पर्श झाला की संपलं. लोखंडी खांबावर तर एका तारेला लागणंही पुरतं. पिसं भिजलेली असतील तर धोका आणखी वाढतो. तरुण पक्षी जास्त मरतात, कारण त्यांना नीट उतरता येत नाही. उपाय माहीत आहेत: तारांमध्ये आडवं किमान १५० सेंटिमीटर अंतर, नाहीतर तारांवर आणि जंपरवर (खांबावर तारा एकमेकींना जोडणाऱ्या छोट्या तारेवर) इन्सुलेशनचं आवरण. नुसते काटे बसवून भागत नाही. पक्षी शेजारच्या खांबावर जाऊन बसतो. खांबाखाली मेलेला पक्षी दिसला तर लांबूनच फोटो काढा, खांबाचा नंबर टिपा आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. गरुड पिल्लं काढायला लागेपर्यंत चार-पाच वर्षं जातात आणि बहुधा एक-दोनच पिल्लं वाढतात. एक मोठा पक्षी गेला तर ती जागा भरायला वर्षं लागतात.

घरट्याजवळ जाऊ नका, ड्रोन तर नकोच. नर-मादी उठून गेली की अंडी गार पडतात.

जखमी गरुड सापडला तर भीती चोचीची नाही, पायांची. आधी वन विभागाला किंवा जवळच्या बचाव केंद्राला कळवा. ते येईपर्यंत धरावंच लागलं तर जाड कातडी हातमोजे घाला, मागून घोंगडी टाकून डोकं झाका. अंधारात तो शांत होतो. पंख अंगालगत मिटवा, दोन्ही पाय घट्ट धरा आणि भोकं पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. तारेच्या पिंजऱ्यात पिसं मोडतात. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मटण, दूध काहीच देऊ नका. शॉक बसलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी सोडू नका, कारण आतून भाजलेलं मांस दोन-चार दिवसांनी सडू लागतं. खोक्यावर सापडल्याची वेळ आणि जागा लिहा, खांबाखाली सापडला असेल तर खांबाचा नंबरही.