लोरमध्ये बसत नाही म्हणे!

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. लोर म्हणजे गेमच्या जगाची कंपनीने ठरवलेली कथा. ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये आमचं आरपी गिल्ड आहे, म्हणजे आपापलं पात्र रचून त्याच्या तोंडून बोलणाऱ्यांचा गट. त्यात गोव्यातल्या साखळीचा एक पोरगा नवीन आलाय. त्याने आपल्या पात्राची, एका नाइट एल्फची (गेममधली एक जमात) बॅकस्टोरी टाकली. रुथेरन बंदराचा मासेमार, टेल्ड्रासिल हे नाइट एल्फांचं वस्तीचं महाकाय झाड पेटलं त्या रात्री होडीत मावतील तेवढ्यांना घेऊन निघाला. आठ ओळी. शुद्धलेखनाच्या नावाने बोंब, पण जास्त माणसं भरली की होडी काठापर्यंत कशी बुडते आणि कोणी हलायचं नसतं, ते बरोब्बर लिहिलेलं. नदीकाठचं पोर आहे ते!

आणि आमचा गिल्डचा ऑफिसर म्हणतो, "अशी होडी अधिकृत लोरमध्ये कुठेच नाही. बदल."

अरे, नव्हती असं तरी कुठे लिहिलंय?

२०१८ साली कंपनीने टेल्ड्रासिल जाळलं तेव्हा मी होतो. ती क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला दिलेली कामगिरी, आठवते? तीन मिनिटं, आणि वाचवायची माणसं ९८२. माझी बाई, म्हणजे गेममधलं माझं पात्र, त्याच झाडावरच्या डोलानार गावची, झाडपाला गोळा करणारी. तिची आई तिथेच राहायची. ही आई मी रचलेली, गेममध्ये कधीच नव्हती. तरी आगीत एकेकावर क्लिक करताना मी तिलाच शोधत होतो. वेळ संपली. हेडफोन काढून नुसता बसलो, तर माझी खरी आई दारात. तोंड बघून म्हणाली, "कोण गेलें रे?"

काय सांगणार?

आणि हे अधिकृतवाले! याच मालिकेतल्या २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ च्या मॅन्युअलमध्ये एरेडार नावाच्या जमातीने सार्गेरासला, म्हणजे कथेतल्या महाखलनायकाला, बिघडवलं. २००७ च्या बर्निंग क्रूसेड या पुढच्या भागात नेमकं उलटं, सार्गेरासनेच एरेडारांना. कथा लिहिणाऱ्या ख्रिस मेट्झनने चूक आपलीच म्हणून कबूलही केलं. म्हणजे त्यांनी मुळावर कुऱ्हाड घातली तरी चालतं, आणि आमच्या पोराची एक होडी चालत नाही.

आपल्याकडे बघा. १५६० साली मंगेशाला कुठ्ठाळीहून नदीपल्याड प्रियोळला नेलं, एवढं पुस्तकात. पण त्या रात्री वल्हं कोणी मारलं, रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात कोणी ठेवला, ते कुठल्या पुस्तकात आहे? म्हणून काय देव एकटाच चालत गेला?

हो, मान्य, कोणी उठून 'मी इलिडनचा (गेममधला एक बडा नायक) चोरून वाढवलेला मुलगा' म्हणायला लागलं तर मीही हाकलून देईन. पण हा कोणाचा मुलगा नाही, कोणाला मारत नाही, मासे मारतो!

खरं सांगू? मीही एकदा एका मुलीला असंच झापलं होतं, तारखा जुळत नाहीत म्हणून. ती परत आली नाही. काल पोराचं "ओके दादा, डिलीट करतो" वाचलं आणि तीच आठवली.

आणि आईचं ते "कोण गेलें रे?" माझ्या बाईच्या त्या रचलेल्या आईचं काय झालं हे मी अजून ठरवलेलंच नाही. प्रोफाइलमध्ये ती ओळ रिकामी आहे.

रात्री पोराला मेसेज टाकला, डिलीट करू नको. उद्या दहा वाजता गेममधल्या स्टॉर्मविंड शहराच्या धक्क्यावर ये. माझी बाई तुझ्या मासेमाराला एकच विचारणार आहे, त्या रात्री तुझ्या होडीत डोलानारची कोणी होती का.