एक स्टार देणाऱ्या दादांना मंडी बाजारातल्या मोबाइल आणि ऑनलाइन सेवा दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, नंतर झोपच लागली नाही, म्हणून आता सकाळी शटर उघडायच्या आधी बसून लिहायलोय. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. परवा तुम्ही दुकानावर आलात तेव्हा काउंटरवरचा पोरगा तुमच्याशी ज्या आवाजात बोलला ते चुकलंच, त्याला मी समज दिली आहे.

पण दादा तुम्ही लिहिलंय की "गरज नसताना १४९९ ची प्राइम मेंबरशिप गळ्यात मारली, मित्राला हीच ९९९ ला मिळाली म्हणजे मधले ५०० ह्यानं खाल्ले, वर १०० रुपये सर्व्हिस चार्ज, सामान चार दिवसांनी आलं, मधी मधी जाहिराती येतात, आईच्या मालिका दिसत नाहीत, पैसे वापस मागितले तर नाही म्हणतो, लुटारू दुकान". ह्यातल्या एका गोष्टीत माझी चूक आहे, ती मी खाली लिहितो, लपवणार नाही. पण "गळ्यात मारली" आणि "५०० खाल्ले" हे दोन शब्द मला लई लागले. अंबाजोगाईत ११ वर्षं दुकान चालवतोय, कुणाचा एक रुपया जास्तीचा घेतलेला नाही, आणि लुटारू हा शब्द आता माझी पोरगी पण मोबाइलवर वाचू शकते.

आधी ५०० चं सांगतो. अमेझॉन प्राइम, म्हणजे सामानाची लवकर डिलिव्हरी आणि प्राइम व्हिडिओवर पिक्चर अशी दोन्ही कामाची मेंबरशिप, भारतात २०१६ ला आली तेव्हा वर्षाची ४९९ ला होती, मग ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ पासून १४९९ आहे. तुमच्या मित्रानं ९९९ ला घेतली असंल तर ती त्याच्या आधी घेतलेली असणार, त्याला एकदा विचारून बघा. आता महिन्याची घ्यायची तर २९९, तीन महिन्यांची ५९९. हे रेट मी ठरवत नाही, तुम्ही तुमच्याच फोनवर उघडून बघू शकता. आणि पैसे तुमच्या यूपीआयवरून तुमच्या हातानं, तुमचाच पिन टाकून थेट कंपनीला गेले, मी तर पिन टाकताना तोंड तिकडं फिरवून उभा होतो. मला ह्यात एक पैशाचं कमिशन नाही. माझ्या गल्ल्यात आले ते फक्त १०० रुपये.

आता त्या १०० रुपयांचं. दिवस होता शनिवार १८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी. दुकानात लाडक्या बहिणीच्या केवायसीला आलेल्या बायांची गर्दी, ओटीपी येईना म्हणून सगळ्या ताटकळलेल्या. तुम्ही आलात सव्वाआठला, आणि घरून मला बायकोचे दोन फोन येऊन गेले होते की पूजेला कधी येताय, दिवे लावून बसलेत सगळे. तरी मी तुम्हाला उद्या या म्हणलो नाही. तुमच्या जुन्या अकाउंटचा नंबर बंद पडलेला, पासवर्ड तुम्हाला आठवत नव्हता, म्हणून नवीन अकाउंट काढलं, पत्ता टाकला, पेमेंट झालं तेव्हा नऊ वाजून गेले होते. शटर अर्धं खाली आलं होतं तेवढ्यात तुम्ही म्हणलात की टीव्हीवर पण चालू करून द्या, आईला बघायचंय. मी गाडी काढून तुमच्या मागं घरी आलो. टीव्हीला वायफायचा पासवर्ड टाकायचा होता आणि तुमच्या रिमोटचं उजवीकडं न्यायचं बटन दबतच नव्हतं, आठवतंय का, मग मी प्रत्येक अक्षर डावीकडून पूर्ण फिरवून आणलं, बारा अक्षरांचा पासवर्ड, त्यात दोनदा चुकलं, परत पहिल्यापासून. मग टीव्हीवर कोड आला, तो फोनमधी टाकला, चालू झालं. मी माझ्या घरी पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. म्हणजे दीड तासाच्या वर. त्याचे १०० घेतले. घरी जाऊन टीव्ही जोडून द्यायचे हेच पैसे मी सगळ्यांकडून घेतो, दुकानात बोर्डावर पण लिहिलेलं आहे, मान्य आहे की तो बोर्ड चार्जरच्या डब्यामागं झाकलेला असतो, तो पुढं आणतो.

आणि वर्षाचीच घ्या हे मी म्हणलोच नव्हतो दादा. उलट मी तुम्हाला विचारलं की ऑनलाइन किती मागवता. तुम्ही म्हणलात दसऱ्याला एकदा, दिवाळीला एकदा, कधी पोराचे बूट. मी म्हणलो मग २९९ ची एक महिना बघा, नाहीतर ३९९ ची शॉपिंगवाली आहे, त्यात पिक्चर नाही पण डिलिव्हरीचं काम भागतं, नाहीतर ७९९ ची लाइट घ्या, त्यात एका वेळी एकच टीव्ही नाहीतर एकच मोबाइल चालतो. तुम्ही म्हणलात, "वर्षाचीच मारून टाका, दर महिन्याला कोण येतंय दुकानात". हे शब्द तुमचे आहेत. केवायसीला बसलेल्या दोघी तिघी बाया तिथंच होत्या, त्यांनीही ऐकलंय.

मला हे एवढं कामून लागलं ते सांगतो. यंदा सप्टेंबरात पावसानं आपल्याकडं काय केलं हे तुम्हाला माहिती आहे, सोयाबीन पाण्यात गेलं, काही जणांची तर जमीनच खरडून गेली. अशा वर्षात माझ्या काउंटरवर कुणी मेंबरशिप घ्यायला आलं की मी आधी हिशोब सांगतो, कारण उद्या हेच लोक माझ्याकडंच रिचार्जला येणार आहेत. वर्षात चारच ऑर्डरी असतील तर १४९९ म्हणजे एका ऑर्डरीमागं पावणेचारशे रुपये पडले, त्यापेक्षा डिलिव्हरीचे सुटे पैसे दिलेले परवडतात, नाहीतर चार वस्तू जमवून एकदाच मागवायच्या. पण आमच्या एक मॅडम आहेत शाळेतल्या, त्यांचं महिन्याला पाच सहा वेळा काही ना काही येतंच, वह्या, डबे, सासऱ्याचा बीपीचा पट्टा, आणि रात्री दोघं नवरा बायको पिक्चर बघतात, त्यांना महिन्याला सव्वाशे रुपयात हे दोन्ही मिळतंय तर त्यांना ती वसूलच आहे, त्यांना मी स्वतः वर्षाची घ्या म्हणलो. एकाला फायद्याची ती दुसऱ्याला तोट्याची, मी सगळ्यांना एकच सांगत नाही. नेटफ्लिक्सचं पण तसंच, मोबाइलवरच बघणार असाल तर १४९ चा प्लॅन आहे, टीव्हीवर लावायला तो चालत नाही, हे पण मी पैसे भरायच्या आधी सांगतो.

सामानाचं तुम्ही लिहिलं की चार दिवसांनी आलं. ती ऑर्डर तुम्ही दुकानात मला दाखवलीत ना, मिक्सरचं भांडं होतं. त्या वस्तूवर प्राइमचा शिक्काच नव्हता. ॲपवर सगळ्याच वस्तू प्राइमच्या नसतात, ज्याच्यावर शिक्का आहे त्यालाच ती लवकरची डिलिव्हरी, आणि किती लवकर ते आपल्या पिनकोडावर असतं, पुण्याला जे दुसऱ्या दिवशी पोचतं ते आपल्याकडं तसंच पोचंल असं नाही. ह्यात कुणाची चूक नाही, पण माझी तर नक्कीच नाही. जाहिरातींचं म्हणाल तर १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर सगळ्यांनाच जाहिराती चालू झाल्यात, नको असतील तर महिन्याला १२९ नाहीतर वर्षाला ६९९ वरचे भरायचे. हे मी त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहिलं असंल, मला नक्की आठवत नाही, सांगितलं नसंल तर ते माझ्याकडं लागलं.

आणखी एक, तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाही पण परवा पोराला म्हणलात की आता भाऊजींच्या टीव्हीवर बंद पडलं. दादा, जानेवारी २०२५ पासून एका अकाउंटवर पाच डिव्हाइस आणि त्यातले टीव्ही फक्त दोन असा नियम आहे. तुमचा एक, पुण्याला भावाचा एक, तिसरा भाऊजींचा कसा चालंल? पासवर्ड तुम्ही वाटला, राग माझ्यावर निघाला.

पैसे वापस मागितले त्याचं काय करू, १४९९ माझ्याकडं आलेच नाहीत तर देऊ कुठून. पण एक गोष्ट तुम्ही विसरलात, त्या रात्री निघताना मी तुमच्यासमोर तुमच्या फोनमधी ते आपोआप रिन्यू व्हायचं बंद करून दिलं होतं, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात खात्यातून परत १४९९ कटणार नाहीत. तोवर मेंबरशिप चालू राहती. त्याचे मी काही वेगळे घेतले नाहीत.

आता माझी चूक. मी रिमोट घेऊन खाली बसलो होतो, मावशींनी, म्हणजे तुमच्या आईनं, फराळाची ताटली आणून ठेवली, चहा ठेवला, आणि विचारलं, "लेकरा, ह्याच्यात माझी मालिका लागंल का?" मी घाईत होतो, घरून तिसरा फोन वाजत होता, मी मान वर न करता म्हणलो, "लागंल की मावशी". कोणती मालिका हे विचारलं पण नाही. विचारलं असतं तर तिथंच सांगितलं असतं की झी मराठीच्या मालिका झी५ वर असतात आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, ह्या मेंबरशिपमधी त्या येत नाहीत. त्यांच्यासाठी एवढी मोठी मेंबरशिप लागतच नव्हती. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ ला चालू झालं तेव्हा टीव्हीवर चालणारा तीन महिन्यांचा प्लॅन २९९ ला होता, तेवढ्यात त्यांचं काम झालं असतं. हे माझ्याकडून चुकलं आणि ह्याची माफी मी तुम्हाला नाही, मावशींना मागतो. तुमचा रिव्ह्यू वाचताना बाकी सगळ्याचा राग आला, ह्या एका ओळीला मात्र मला उत्तर सापडलं नाही.

पुढं काय करणार म्हणाल तर आता कुणी मेंबरशिप घ्यायला आलं की घरात कोण काय बघतं हे आधी विचारून घेतो, आणि दुकानात ह्या सगळ्या प्लॅनची एक पाटी पण लावायची आहे, बघू ह्या महिन्यात करतो. पोराला पण नीट बोलायला सांगितलंय.

२१ रिव्ह्यूत आमचं रेटिंग ४.८ होतं, तुमच्या एकानं ४.६ झालं. मोठ्या दुकानाला ह्यानं काही होत नसंल, पण बाहेरगावाहून योगेश्वरी देवीच्या दर्शनाला आलेला माणूस मोबाइल बिघडला की आधी तो आकडा बघूनच गाडी थांबवतो. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तुम्हाला वाटलं ते तुम्ही लिहिलं. फक्त "५०० खाल्ले" एवढं मित्राला विचारून दुरुस्त करा ही विनंती आहे.

ते १०० रुपये मी पाकिटात घालून गल्ल्यात बाजूला ठेवलेत, कष्टाचे आहेत पण तुमचं मन नसंल तर घेऊन जा. आणि मावशींना विचारून घ्या की त्या कोणती मालिका बघतात, दुपारी दोन ते चार मला जरा मोकळं असतं, मी येऊन टीव्हीवर लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. रिमोट पण दुसरा घेऊन येतो.