आंबोलीला जायचंच तर हिरण्यकेशीला जा

आंबोली म्हटलं की सगळ्यांना घाटातला तो मोठा धबधबाच आठवतो, जुलैमधली गाड्यांची रांग, कणसं, भिजलेली गर्दी, आणि पाऊस संपला की आंबोली पण संपली असं लोक धरूनच चालतात. मला विचाराल तर खरं जायचं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि सरळ हिरण्यकेशीला.

गावापासून थोडं आत जंगलात पार्वतीचं देऊळ आहे, त्याला लागूनच गुहा, आणि त्या गुहेतून पाणी बाहेर येऊन कुंडात साठतं. बस्स, एवढंच आहे तिथे! आम्ही घरचे सगळे सकाळीच गेलो, डब्यात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, बाबांना जास्त चालवत नाही पण तेवढं ते आरामात आले. हवेत मस्त हुडहुडी होती आणि कुंडापासून खाली ओहोळात पाय सोडले तर पाणी चक्क कोमट वाटलं, कारण जमिनीखालचं पाणी बाहेरच्या थंडीसारखं पटकन गार होत नाही. मग दुपारपर्यंत कोणी कुठे हललंच नाही. मुलांनी फोन मागितला नाही, वर कुठेतरी शेकरू ओरडत होतं ते शोधण्यातच त्यांचा वेळ गेला, बाबा तर दगडाला टेकून झोपले. इतकी शांत झोप त्यांना घरी लागत नाही हो.

आणि हे पाणी जातं कुठे माहितीये? समुद्र इथून पश्चिमेला एवढा जवळ, पण इथून निघणारी हिरण्यकेशी नदी वळते पूर्वेला, आजऱ्याला रामतीर्थावरून उडी घेते, गडहिंग्लजवरून पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते, तिथून कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. आपण जो आजरा घनसाळ तांदूळ कौतुकाने खातो ना, तो याच नदीच्या खोऱ्यातला.

या कुंडात एक छोटासा मासा सापडला, 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी तो नवीन प्रजाती म्हणून जाहीर केला आणि त्याला नाव दिलं शिस्टुरा हिरण्यकेशी. उद्धव ठाकरेंचे चिरंजीव तेजस ठाकरे त्या टीममध्ये होते म्हणून बातमी गाजली, पण माझ्यासाठी मोठी गोष्ट पुढची, 2021 मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. मनापासून आनंद झाला होता तेव्हा.

पण ती जागा दोनेक हेक्टरची. झऱ्याचं पाणी काय कुंडात तयार होतं का? ते वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावर मुरतं. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात धो धो पडलेलं पाणी तो पोटात घेतो, खाली चिकट मातीचा थर लागला की पाणी आडवं सरकत सरकत कड्याकपारीतून बाहेर येतं, म्हणून तर पाऊस थांबून महिने उलटले तरी गुहेतून धार चालू असते. आणि याच जांभ्यात बॉक्साईट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज असतं, कोल्हापूर जिल्ह्यातले सडे त्यासाठी खणलेले आपण बघितलेत. सड्याकडे बघून लोक म्हणतात पडीक जमीन आहे, काही उगवत नाही, प्लॉट पाडा, रिसॉर्ट काढा. अहो पडीक कसली, ती आपली पाण्याची टाकी आहे! झरा वाचवायचा आणि सडा विकायचा हे एकत्र नाही चालणार, सड्यांना पण तेवढंच कडक संरक्षण पाहिजे आणि ते आपण मागितलं पाहिजे, ग्रामसभेत, निवडणुकीला मतं मागायला येतात तेव्हा, सगळीकडे.

बाकी जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, कुंडात उतरू नका, साबण-शाम्पू अजिबात नको, नाणी आणि निर्माल्य पाण्यात टाकू नका, हळदकुंकवाच्या पुड्या परत घेऊन या. स्पीकर तर गाडीतच राहू दे. पाय बुडवायचेच असतील तर खाली ओहोळात बुडवा, तिथे भरपूर जागा आहे. आणि शक्यतो मधल्या वारी जा, शनिवार-रविवार टाळा.