काडी, कोयता आणि मशीन: मुरबाडकर दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मुरबाडकर दादा,

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि तिखटही, त्यामुळे तिच्याखाली दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा वेगळं लिहितोय. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: मुरबाड तालुक्यातल्या आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर वर्षानुवर्षं माजलेलं रान आम्ही ब्रश मोवरने, म्हणजे मागे चालत चालवायच्या झुडपं कापणाऱ्या यंत्राने, कापलं, त्याचे फोटो आणि हकीकत मी टाकली होती. त्यावर तुमचं म्हणणं असं. ठाण्यातल्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांची ही हौस आहे. एक काडी लावली असती तर सकाळपर्यंत माळ मोकळा झाला असता. गावात हात रिकामे असताना यंत्र आणून वाडीवरच्या लोकांच्या पोटावर पाय दिला. ससे, लावे, साप सगळे पात्याखाली गेले असणार. फोटोत खुंट दिसतायत, म्हणजे काम अर्धवटच, आणि पुढच्या पावसात रान पुन्हा कमरेइतकं होणार. एवढंच होतं तर खांद्यावरचा ब्रश कटर काय वाईट होता? आणि सगळ्यात शेवटी, मशीन भाड्याने देता का?

हा शेवटचा प्रश्न वाचून जरा हायसं वाटलं.

काडीचं आधी बोलू, कारण माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा तिथेच आहे. राब भाजणं वेगळं आणि माळ पेटवणं वेगळं, हे तुम्हाला मी सांगायला नको. राब म्हणजे भाताच्या रोपांपुरता आखलेला तुकडा. त्यावर शेण, पातेरा, फांद्या, गवत रचायचं, वर माती टाकायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. ती आग खाचराबाहेर जात नाही, कारण माणूस उशाशी बसलेला असतो. माळाला लावलेल्या काडीजवळ कोणी बसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाला मोहाची फुलं वेचायला जमीन साफ हवी असते, कुणाला ससा उठवायचा असतो, कुणी नुसतीच विडी टाकलेली असते, आणि रात्री कल्याण-नगर रस्त्यावरून येताना डोंगरावर लाल माळा दिसतात. आमच्या जमिनीची वरची हद्द जंगलाला लागून आहे. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे. मी माझ्याच सातबाऱ्यात पेटवली होती, हे उत्तर तिथे चालत नाही.

कायदा बाजूला ठेवा. आगीत मरतं काय, ते बघा. घाणेरी (टणटणी, लँटाना) मरत नाही. तिचा वरचा पसारा जळतो, बुंधा जमिनीत शाबूत राहतो आणि पहिल्या पावसाला त्याला पहिल्यापेक्षा जास्त धुमारे फुटतात. रानमोडी ह्या दुसऱ्या माजोर तणाचंही तेच, आणि वर तिचं हलकं बी वाऱ्यावर उडत येऊन मोकळ्या झालेल्या जमिनीवर आयतं पडतं. जळून जातात ती ऐन, खैर, जांभूळ, आंबा यांची गुडघ्याएवढी रोपं. सागाचं त्यातल्या त्यात निभावतं. म्हणजे दर वर्षी काडी लावणारा माणूस दर वर्षी घाणेरीचीच निवड करत असतो, नकळत. त्यात आपली जमीन मुरमाड, वर माती बोटभर. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. राखेखालची उघडी माती जूनमध्येच ओढ्याला लागते. मशीनने कापलेला काडीकचरा मात्र तिथेच पसरून राहतो आणि सरीचा मार स्वतः झेलतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी मशीनच्या बाजूचा आहे.

तुम्ही मशीनची तुलना कोयत्याशी केलीत. आमच्याकडे ते काडीच्या जागी आलं. त्या रानात कोयता घेऊन शिरायला कुणी तयारच नव्हतं. वीसेक वर्षांची घाणेरी, एकमेकींत गुंतलेली, अंगाला काटे, आत गांधीलमाश्यांची पोळी, खाली घोणस असेल-नसेल. आम्ही विचारलं नाही असं नाही. ज्यांना विचारलं त्यांनीच सांगितलं, शेठ, काडी लावा.

आता मजुरीचं. हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो, त्यामुळे टाळत नाही. पण हात रिकामे कधी असतात, हे बघायला हवं. झुडूप कापायचा योग्य काळ पाऊस उघडल्यापासून ते पौषात म्हशाची जत्रा भरेपर्यंतचा. जमीन वाळलेली असते, पाला अजून हिरवा असतो, आणि रानमोडीला फुलं येऊन बी धरायच्या आत ती आडवी होते. नेमक्या ह्याच दिवसांत आधी भातकापणी आणि झोडणी असते, आणि दिवाळी झाली की वाडीवरची कातकरी कुटुंबं उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांनी भट्टीवर जाऊ नये म्हणून त्यांना इथे काम द्यावं, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं बरोबर आहे, पण एका प्लॉटवाल्याच्या घाणेरीने सहा महिन्यांची चूल पेटत नाही. उचल कशी फिटते ते तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलं असेल.

मात्र एका बाबतीत मी तुमच्याही पुढे जाऊन म्हणेन. जिथे चांगलं गवत आहे तिथे हे मशीन घालूच नये. ठाणे जिल्ह्यातलं गवत कापून, बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. त्यावर कितीतरी घरांची दिवाळीनंतरची मिळकत असायची. ब्रश मोवरचं पातं आडवं गरगरतं, गवताचे तुकडे करून उडवतं. त्याची पेंढी बांधता येत नाही, गुरं त्या मातकट चुऱ्याला तोंड लावत नाहीत. म्हणून आमच्या खालच्या पट्ट्यातलं गवत आधी गावातल्या गुरंवाल्यांना कापून न्यायला सांगितलं, विळ्याने, भारे बांधून. मशीन चाललं ते वरच्या गचपणात, जिथलं काहीही कुणाच्या कामाचं नव्हतं. घाणेरी तर गुरांना विषारीच आहे, यकृत धरतं. उद्या प्रत्येक फार्महाउसवाल्याने गवताच्या माळावर हेच यंत्र फिरवायला सुरुवात केली तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू होईल आणि मी तुमच्या बाजूने लिहीन.

खुंटांबद्दल. ते मुद्दाम ठेवलेत, दादा. पातं जमिनीपासून चार बोटं वर ठेवलं होतं, एकतर दगड वाचावेत म्हणून आणि दुसरं म्हणजे नंतर मूळ कुठे आहे ते सापडावं म्हणून. नुसत्या कापण्याने घाणेरी जात नाही, ह्यात वादच नाही. ती 19 व्या शतकाच्या सुरुवातीला बागेतलं शोभेचं झाड म्हणून भारतात आली आणि तेव्हापासून लोक तिला कापतच आलेत. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत अशी आहे: जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं ठोंब उपटून उलटं टाकायचं, मुळं वर करून, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही. सगळी मुळं खणत बसायची गरज पडत नाही आणि मातीही फारशी हलत नाही. हे काम कुठलंही मशीन करत नाही. त्याला पहार लागते, टिकाव लागतो आणि माणूस लागतो. ते करायचं पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर, जेव्हा माती ढिली असते आणि भट्ट्या बंद असल्यामुळे माणसं गावात असतात. आमच्याकडे रोजावर जी मजुरी गेली ती ह्याच कामाला गेली, कारण गचपण गेल्यावर आत शिरता येऊ लागलं. तेव्हा पुढच्या पावसात तुम्ही जरूर या. रान कमरेइतकं नसेल, पण टाकळा आणि तेरडा मात्र भरपूर असेल. टाकळ्याची भाजी खुडून न्या.

ज्यांना वाटतं एकदा पैसे घालून जमीन 'क्लीन' होते, त्यांनी हे मशीन घेऊ नये. त्यांनी जेसीबीही बोलावू नये, पण ते बोलावतातच. तास-दोन तासांत वरची माती खरवडून मुरूम उघडा, मग पहिल्या पावसात घळी, आणि मग दुसऱ्या वर्षी विकत आणलेली लाल माती. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही रस्त्याने जाताना हे प्लॉट दिसतात.

सशा-लाव्यांचं. चारही बाजूंनी आत आत कापत गेलं की मधल्या तुकड्यात सगळं जनावर कोंडतं आणि शेवटच्या फेरीत मरतं. भाताचं शेवटचं चूड कापताना उंदीर कसे बाहेर पडतात, तसंच. म्हणून आम्ही खालून सुरुवात करून जंगलाच्या हद्दीकडे सरकत गेलो, पळायला वर वाट मोकळी ठेवून, आणि हद्दीलगतचा पट्टा कापलाच नाही. लावे, तित्तर जमिनीवरच घरटी करतात आणि पाऊस संपल्यावरही ती सापडू शकतात, म्हणून आधी काठी घेऊन चालत फिरायचं. ह्याच फेरीत गांधीलमाश्यांची पोळी कळतात, जुन्या कुंपणाची काटेरी तार कळते, दगड कळतात. तार पात्याच्या दांड्याला गुंडाळली गेली तर मग दिवस गेला. साप मशीनच्या धडधडीने बहुतेक सरकतात, पण घोणस सरकत नाही, जागच्या जागी फुत्कारत बसते, म्हणून गुडघ्यापर्यंत गमबूट आणि हात कुठेही न बघता घालायचा नाही. वणव्यात ह्यातल्या कुणालाच वाट मिळत नाही, एवढंच जाता जाता म्हणतो.

त्याच फेरीत रोपांना चिंध्या बांधल्या. ऐन, खैर, साग, जांभूळ, हिरडा जिथे दिसला तिथे जुन्या साडीची लाल पट्टी. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडं आहेत, स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण खरं कारण ते नाही. फुकट उगवलेलं झाड कापून नर्सरीतून विकत आणायचं, हा उद्योग मला झेपत नाही.

ब्रश कटर आमच्याकडे आहे आणि तो लागतोच: बांधाची कड, झाडाभोवतीची जागा, ओहोळाचा उतार, मोठे दगड असतील तिथे. पण रुंद, गच्च रानात तो दिवसभर खांद्यावर घेऊन बघा. हातांना संध्याकाळी पाण्याचा पेला धरवत नाही. मोवरचं इंजिन चाकंही फिरवतं, आपण फक्त दिशा द्यायची. जड पातं लोखंडी झाकणाखाली फिरतं, त्यामुळे दगड उडाला तरी बहुतेक वेळा आतच आपटतो. तरी पंधरा मीटरच्या आत कुणाला उभं करायचं नाही, हा नियम दोन्हींना सारखाच. दोन इंच जाडीपर्यंतचं खोड ते घेतं. त्याहून जाड असेल तर कोयता किंवा करवत. डोक्याएवढ्या झाडोऱ्यात पूर्ण रुंदीने घुसवायचं नाही, अर्धं पातं मोकळ्या बाजूला ठेवून हळू न्यायचं, नाहीतर मशीनचा पट्टा (बेल्ट) घसरून जळका वास येतो. उतारावर आडवं चालवायचं. वर-खाली चालवताना पाय सटकला तर मशीन आपल्यावर येतं किंवा आपण मशीनखाली जातो, आणि मूठ सोडल्यावरही पातं थांबायला दोन-चार क्षण लागतात. कड्यासारख्या उताराला तर नेऊच नये.

हौसेचं म्हणाल तर हो, थोडी आहे. नाकारून काय उपयोग.

आता भाड्याचं. मशीन माझ्या एकट्याचं नाही, शेजारच्या प्लॉटवाल्यांनी मिळून घेतलंय, तेव्हा त्यांना विचारावं लागलं. ठरलं ते असं. नुसतं मशीन देत नाही, चालवणारा आमचा येईल. त्याचा रोज आणि पेट्रोल तुमचं. आधीची काठीची फेरी तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर मारायची, कारण तुमच्या रानातली तार कुठे पुरलीय ते तुम्हालाच माहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत खाजगी वनाची नोंद असेल तर आधी तलाठ्याकडे आणि वन खात्याकडे चौकशी करा. आपल्या जिल्ह्यात अशी नोंद पुष्कळ गटांवर आहे. गवताचा माळ असेल तर येणार नाही. आणि होळीच्या आसपास तर मुळीच मागू नका: वाळकं गवत सायलेन्सरभोवती अडकून धुमसायला लागतं, ज्या आगीसाठी एवढं भांडलो ती आपल्याच हाताने लागायची. भातकापणी उरकली की फोन करा. नंबर ईमेलने पाठवतो.