पेन्सिलीतलं नाव कसं टिकवावं

बी.एड. होऊन दोन वर्षं झाली, अर्ज करून करून झेरॉक्सवाला ओळखीचा झाला आणि आई सकाळी चहा देताना रोज 'कुठं काय लागलं का गो?' विचारते? घाबरू नका. गोव्यातल्या कुठल्या ना कुठल्या हायस्कुलात कुणा ना कुणा टीचरना दिवस गेलेले असतातच. प्रसूती रजा 180 दिवसांची. तेवढे दिवस तुम्ही शिक्षिका. मी नुकतीच होऊन आले, गेल्या सोमवारी सुटले. तेव्हा ताजं आहे तोवर सांगून टाकते.

पहिल्या दिवशी मस्टर नीट बघून घ्या. वरची सगळी नावं निळ्या शाईत, पट्टी लावून आखलेल्या रकान्यांत. तळाला तुमचं, पेन्सिलीनं. क्लार्क म्हणेल, "शिक्षण खात्याचं अप्रूव्हल आलं की शाईनं करूया, मॅडम." हसून बरं म्हणा. सही मात्र पेनानंच करायची असते. त्यामुळे माझं सहा महिने सही पक्की आणि नाव कच्चं असं चाललं.

खुर्ची मागू नका. खिडकीजवळची रिकामी खुर्चीसुद्धा नाही. ती मागच्या वर्षी रिटायर झालेल्या सरांची आहे.

लॉगबुकावर श्रद्धा ठेवा. 2025 पासून आपल्याकडे सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले. मी जूनमध्ये रुजू झाले तेव्हा आठवीचे पहिले तीन धडे लॉगबुकात शिकवून झाले होते. मुलांना विचारलं, तर त्यांनी ते पाहिलेच नव्हते. एप्रिलच्या त्या उकाड्यात निम्मा वर्ग मामाच्या घरी होता. शहाण्या माणसानं अशा वेळी लॉगबुकाचं ऐकावं. मी मुलांचं ऐकलं आणि सहामाहीपर्यंत 'तुमचाच पोर्शन मागं कसा?' हे ऐकत राहिले.

आता प्रॉक्सी, म्हणजे न आलेल्या टीचरांच्या तासाला उभं राहणं. टाइमटेबलात तुमचे काही तास मोकळे दिसतील. ते तसं छापायची पद्धत आहे, मनावर घेऊ नका. पहिली घंटा व्हायच्या आत शिपाई ती वही घेऊन येतो. कोण भजन स्पर्धेला मुलं घेऊन गेलं, कोण ट्रेनिंगला, कुणाच्या घरी म्हाळ, कुणाचा नुसताच घसा बसलेला. सगळ्या वाटा तुमच्या नावापर्यंत येतात (इथं मात्र नाव पेनानं, लाल). तुम्ही मराठीच्या? मग नववीत जा, रसायनशास्त्र आहे. काय घेऊ असं विचारायचं नाही. "गप्प बसवा, पुरे." आवाज ऑफिसपर्यंत गेला नाही म्हणजे तास चांगला झाला. मुलांनाही हे ठाऊक असतं. तुम्ही दारात दिसलात की त्यांच्या वह्या दप्तरात जातात आणि मागच्या बाकावर फुल्ली-गोळा सुरू होतो.

नोव्हेंबरात मतदारयाद्यांच्या फेरतपासणीचं काम निघालं आणि गणिताचे सर बीएलओ (मतदान केंद्रापुरते निवडणूक अधिकारी) म्हणून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन वाड्यावाड्यावर फिरू लागले. त्यांचा दोष नाही, रात्री नऊलाही त्यांचा फोन वाजत असायचा. कायद्यालाही हे चालतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम म्हणतं, शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामांना जुंपायचं नाही; अपवाद जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. आता आपल्याकडे निवडणूक कधी नसते? बरं, सर गेले. मग दहावीच्या वर्गात कोण उभं राहणार, हे त्या कलमात नाही. ते आमच्या शिपायाच्या वहीत होतं. मी! दहावीला गणितात बेचाळीस मिळवलेली मी, त्रिकोणमितीसमोर. पहिले चार दिवस 'स्वाध्याय' म्हणून काढले. पाचव्या दिवशी एक मुलगी उठली, फळ्यावर उदाहरण सोडवलं आणि मी शेवटच्या बाकावर बसून ते कागदावर उतरवून घेतलं. हेडमास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "वा! विद्यार्थिकेंद्री अध्यापन!" अहो, बोर्डाची परीक्षा आहे त्या मुलांची! महिनाभर गणित नाही, आणि विद्यार्थिकेंद्री?

शिक्षक दिनाला गुलाब यादीप्रमाणे येतात. साडी नेसून एक दिवस टीचर झालेल्या दहावीच्या मुलींना मिळाले.

मुलांवर जीव लावू नका. आठवीत एक मुलगा होता. वही उघडायचाच नाही. चतुर्थीची सुट्टी संपल्यावर मी सगळ्यांना माटोळीवर (गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं टांगतात ती) लिहायला सांगितलं. ह्यानं दीड पान लिहिलं. आजोबांबरोबर रानात जाऊन काय काय आणलं त्याची यादी, कांगलां, घागऱ्यो, सगळी कोंकणी नावं तशीच. कुठल्या झाडाखाली जळवा लागतात तेही. मी एक शब्द खोडला नाही. दहापैकी सात दिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पावभाजी खाता खाता जवळ येऊन उभा राहिला. "टीचर, तुमी कितले दीस आसात?" ह्याचं उत्तर बी.एड.ला शिकवत नाहीत.

पगाराचं विचारू नका. बिल वर गेलंय. वर म्हणजे कुठं, हेही विचारू नका. मला जून आणि जुलैचे पैसे दिवाळीनंतर मिळाले. कदंब बसचा पास मात्र दर महिन्याला अगदी वेळेवर संपतो.

आणि शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये थांबू नका. मी थांबले. टीचर परत आल्या, बाळाचे फोटो फिरले (बाळ गोड आहे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही), केक कापला, मलाही एक तुकडा दिला. तो खाता खाता ऑफिसात सर्टिफिकेट घ्यायला गेले. क्लार्कनं माझ्यासमोर मस्टर उघडलं, मुलांच्या पेटीत असतो तसला वासाचा रबर घेतला, माझं नाव खोडलं आणि फुंकर मारली. कण माझ्या साडीवर आले. रकान्यांत सह्या तशाच राहिल्या, नाव नसलेल्या.

नाही, आता सल्लाबिल्ला काही नाही. लाज वाटायला हवी होती तुम्हाला. जूनमध्ये नेमलेल्या बाईच्या नावाला नोव्हेंबर संपला तरी शाई मिळत नाही? हेडमास्तर, एकदा फोन करून ते अप्रूव्हल कुठं अडलंय एवढं विचारायला तुमचं काय जात होतं? केकची ऑर्डर द्यायला लागला तेवढाच वेळ लागला असता. आणि स्टाफरूममधल्या माझ्या थोरल्या भगिनींनो, तुम्हीही कधी काळी रजेच्याच जागेवर लागला होता, मधल्या सुट्टीत तुम्हीच तर सांगायचा. मग माझे मोकळे तास काढून घेताना गंमत कसली वाटत होती? पालकहो, तुम्हीसुद्धा. शाळेची बस, बालरथ, दहा मिनिटं उशिरा आला तर व्हॉट्सअॅपवर रण माजवता. महिनाभर दहावीला गणिताचे सर नव्हते, एक तरी जण शाळेत येऊन गेलात?

ऑगस्टपासूनचा पगार अजून यायचाय. तोवर 'अनुभव तरी मिळाला ना' असं मला कुणी म्हणायचं नाही.