‘म्हाताऱ्या सैनिकांचा छळ’ म्हणणाऱ्यांनी आधी उशीर कोणी केला ते बघावं

ऑक्टोबर २०२५ मधे बेलफास्टच्या कोर्टात सोल्जर एफ, म्हणजे नाव गुप्त ठेवलेला एक माजी ब्रिटिश सैनिक, खुनाच्या खटल्यात निर्दोष सुटला, आणि तेव्हापासून एक म्हणणं सगळीकडे फिरतंय. की १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांवर आधी गोळीबार झाला म्हणून त्यांनी उत्तर दिलं, आता पन्नास वर्षांनी एका म्हाताऱ्या माणसाला कोर्टात खेचलं, चौकशीवर कोट्यवधी पौंड उधळले, आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे लोक मात्र माफी घेऊन मोकळे, आणि शेवटी सिद्ध काय झालं तर काहीच नाही. ऐकायला बरोबर वाटतं म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

आधी गोळीबाराचं. ३० जानेवारी १९७२, रविवार, खटला न चालवता लोकांना डांबून ठेवण्याच्या विरोधात सिव्हिल राइट्सवाल्यांचा मोर्चा होता. विल्यम स्ट्रीटच्या बॅरियरवर काही पोरांनी दगडफेक केली, हे कोणीच नाकारत नाही. पण पॅराशूट रेजिमेंटची पहिली बटालियन गाड्या घेऊन बॉगसाइड या वस्तीत घुसली आणि शंभरावर गोळ्या झाडल्या त्या पळणाऱ्या लोकांवर. १३ जण मेले, त्यातली ६ पोरं १७ वर्षांची. पॅट्रिक डोहर्टी जमिनीवरून सरपटत आडोशाला जात होता तेव्हा त्याला गोळी लागली, त्याला मदत करायला बार्नी मॅकगिगन हातातला रुमाल हलवत पुढे आला, तर त्याच्या डोक्यात गोळी घातली. बऱ्याच नंतर सरकारनं लावलेल्या सॅव्हिल चौकशीनं २०१० मधे स्पष्ट लिहिलं की मेलेल्या किंवा जखमी झालेल्यांपैकी कोणाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, गोळ्या झाडायच्या आधी इशारा दिला नव्हता, आणि कित्येक सैनिकांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं. त्या भागात हत्यार असलेले लोक होतेच की, असं कोणी म्हणेल. होते, सॅव्हिलच्या रिपोर्टमधेही ते आहे, पण त्यामुळे या लोकांवर गोळ्या झाडणं योग्य ठरत नाही हेही त्याच रिपोर्टमधे आहे. त्यानंतर पार्लमेंटमधे उभं राहून या गोळीबाराचं कुठल्याही प्रकारे समर्थन होऊ शकत नाही असं म्हणणारा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन होता, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, त्याला सैन्याचा शत्रू तर कोणी म्हणणार नाही ना.

आता ‘पन्नास वर्षांनी’ हा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. कारण उशीर मेलेल्यांच्या घरच्यांनी केलेला नाही. त्या काळी उत्तर आयर्लंडमधे ठरलेली पद्धतच अशी होती की सैनिकानं कोणाला मारलं तर त्याचा जबाब पोलिस घेणार नाहीत, मिलिटरी पोलिस घेतील. त्याप्रमाणे त्या रात्री जबाब घेतले गेले, पण वरिष्ठांच्या हुकमानं, आरोपीला देतात तशी कायदेशीर समज न देता, त्यामुळे तेच जबाब पुढे त्या त्या सैनिकाविरुद्ध कोर्टात वापरता येईनात. मग लगेच लॉर्ड चीफ जस्टिस (इंग्लंडचे सरन्यायाधीश) विजरी यांची चौकशी लावली. ती लावताना पंतप्रधान एडवर्ड हीथनी त्यांना आठवण करून दिली की आपण तिथे फक्त लष्करी नाही तर प्रचाराचंही युद्ध लढतोय. एप्रिलमधे रिपोर्ट आला, प्रत्यक्ष बघणाऱ्या शेकडो लोकांचे जबाब जवळजवळ बाजूला ठेवले, आणि काहींचा गोळीबार बेपर्वाईच्या जवळ जाणारा होता एवढं म्हणून विषय मिटवला. आत घुसलेल्या बटालियनचा कमांडर डेरेक विल्फर्डला त्याच वर्षी ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. सॅव्हिलनं नंतर सांगितलं की त्यानं वरिष्ठांचा हुकूम मोडून माणसं आत पाठवली होती. त्या दिवशी सैनिकांनी वापरलेल्या रायफलींचंही तेच, बऱ्याच आधीच मोडीत किंवा विक्रीला गेल्या आणि काही तर सॅव्हिल चौकशी चालू असताना नष्ट झाल्या. म्हणजे पुरावा ताजा होता तेव्हा तो हातात असणाऱ्यांनीच घालवला, आणि आता म्हणायचं की इतक्या वर्षांनी कशाला उकरताय.

पैशाचं म्हणाल तर सॅव्हिलला सुमारे १९ कोटी पौंड आणि १२ वर्षं लागली, हे खरं आहे, आणि रक्कम प्रचंड आहे. पण सैनिकांना डेरीत साक्षीला यायचं नव्हतं, त्यासाठी ते कोर्टात गेले, जिंकले, आणि त्यांच्या साक्षींसाठी अख्खी चौकशी लंडनला हलवावी लागली. १९७२ मधे धड चौकशी झाली असती तर दुसरीची गरजच पडली नसती.

आयआरएला माफी मिळाली, हेही तसं नाही. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात, म्हणजे उत्तर आयर्लंडमधला संघर्ष थांबवणाऱ्या शांतता करारात, ४०० च्या वर कैदी लवकर सुटले, पण ते शिक्षा झालेले कैदी होते, लायसन्सवर सुटलेले, अटी मोडल्या तर परत आत. फरार आयआरएवाल्यांना ‘तुम्ही पोलिसांना हवे नाही’ अशी जी सरकारी पत्रं दिली गेली ती मलाही चुकीची वाटतात, आणि आयआरएनं ज्यांची माणसं मारली त्यांनाही उत्तर मिळालंच पाहिजे. संघर्षाच्या काळातल्या गुन्ह्यांबद्दलचा २०२३ चा लेगसी कायदा तर सैनिक आणि आयआरए दोघांनाही सोडायला निघाला होता, म्हणून तिथले एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्षसुद्धा त्याच्या विरोधात एकत्र आले.

राहता राहिला निकाल. सोल्जर एफ कायद्यानं निर्दोष आहे, ते मान्य करायलाच हवं. पण निकालात न्यायाधीशांनी काय म्हटलं ते पण वाचा. सैनिकांनी लष्करी शिस्त पार सोडली होती, पळणाऱ्या निःशस्त्र लोकांना पाठीत गोळ्या घातल्या, आणि ज्यांनी हे केलं त्यांनी शरमेनं मान खाली घालावी. केस पडली ती यामुळे की मुख्य पुरावा होता सोबतच्या दोन सैनिकांचे जुने जबाब, त्यातला एक वारलेला, दुसरा साक्ष द्यायला तयार नाही, म्हणजे उलटतपासणी कोणाची घेणार. सॅव्हिलसमोर दिलेली साक्षही साक्ष देणाऱ्याविरुद्ध वापरायची नाही असं आधीच ठरलेलं. खोटी साक्ष दिल्याबद्दल तरी खटला भरा, अशी घरच्यांची मागणी होती, तर एप्रिल २०२४ मधे सरकारी वकिलांच्या ऑफिसनं १५ सैनिकांवर तोही भरायचा नाही असं ठरवलं. इतक्या वर्षांत त्या रविवारच्या खुनांसाठी कोर्टात उभा राहिलेला सैनिक एकच, आणि तोही पडद्याआड बसून.