दाखला परदेशातल्या जुन्या सायकलींचा

मायदेशी जुन्या सायकलीवर वाद रंगला की एक बाजू म्हणते, ‘परदेशात बघा, लोक जुन्या स्टील फ्रेम शोधून शोधून चालवतात.’ दुसरी म्हणते, ‘लोखंडी खटारा तो, भंगारात घाला.’ परदेशाचा दाखला खोटा नाही, अर्धवट आहे. इथे परदेशात किंमत जुनेपणाला नसून पातळ नळीला मिळते. १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ सारख्या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या बटेड नळ्या जोडापाशी जाड आणि मधे पातळ असत. जाड पाइपाच्या जुन्या सायकली इथेही आहेत, पण त्यांच्यासाठी कोणी धावत नाही.

फ्रेमवरच्या नळीच्या नावाच्या स्टिकरवर विसंबू नका, तो कोणीही चिकटवतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून कॅलिपरने मोजा. सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी आणि पोस्ट २७.२ असेल, तर नळीची जाडी तिथे जेमतेम ०.७ मिमी. पोस्ट २५.४ निघाला तर जाडी दीड मिमीच्या वर, म्हणजे साधा पाइप.

‘स्टील मऊ चालतं’ या वाक्याचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. त्रिकोणी चौकट उभ्या दिशेने फारशी दबत नाही. पुढचा चिमटा पातळ असेल तर थोडा लवतो, पण धक्का खातो तो मुख्यतः टायर. २५ मिमीच्या टायरमध्ये ७ बार हवा ठासली तर कुठलीही फ्रेम दणके देणार. बऱ्याच जुन्या फ्रेममध्ये ३२ मिमीचा टायर बसतो. त्यात ४ बारच्या आसपास हवा ठेवा, मग बोला. २७ इंची चाकाऐवजी किंचित लहान असलेलं ७०० सीचं घातलं तर आणखी जागा मिळते. फक्त ब्रेकचे रबर ४ मिमी खाली पोचतात का, ते आधी पाहा. स्टीलची रिम मात्र बदलाच. ओली झाली की तिच्यावर ब्रेक धरत नाही.

स्टीलचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. नवं चाक बसवायला मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) १२६ मिमीची जागा दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी फाकवून १३० करता येते. अ‍ॅल्युमिनियमला हे करू नये. नंतर मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाक जिथे बसतं त्या खाचेपासून) हेड-ट्यूबला (हँडलखालच्या उभ्या नळीला) वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणा. सीटच्या नळीपासून तो दोन्हीकडे सारख्या अंतरावर हवा. ड्रॉपआउट समांतरही करून घ्या, नाहीतर अ‍ॅक्सल तुटतो.

घेताना डाउन-ट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर), हेड-ट्यूबच्या लगेच मागे बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर सायकल समोरून आदळलेली आहे, सोडून द्या. गंज आतून लागतो, हिवाळी रस्त्यावरच्या मिठाने असो वा पावसाळी पाण्याने. पाणी साचतं पेडलच्या एक्सलच्या नळकांड्यात; तिथे खाली भोक असेल तर ते मोकळं ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं तसाच राहिला तर स्टीलमध्ये असा जाम बसतो की कापूनच काढावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी तो हलवून दाखवायला सांगा.